थबकश्रद्धा

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर निदान त्याच्या निम्मं तरी जगलेल्यानं लिहावं, असं मला वाटतं. मी आत्ता कुठे एस.वाय.बी.ए.ला आहे. आमच्या घरात लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीसुद्धा आईला अजून जड जाते. त्यातून ज्यांच्याविषयी लिहितोय ते इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. हे त्यांच्या हाती पडलं तर ते आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतील आणि मग रागावतील. पण रत्नपारखी सरांविषयी शेवगावात जे बोललं जातं ते इतकं अर्धवट आहे, आणि बोलणारे ते इतक्या खात्रीनं बोलतात, की गप्प बसवत नाही. चुकलं तर चुकलं.

सर कुणालाही पहिल्यांदा दिसतात ते रस्त्याच्या मधोमध. आमच्याकडे मांजर आडवं गेलं की वाहतूक थांबते. मोटारसायकलवाला पाय टेकतो, त्याच्यामागे टेम्पो थांबतो, टेम्पोमागे ट्रॅक्टर. कुणीतरी आधी पुढं जावं, म्हणजे अपशकुन त्याच्यावर जाईल आणि आपली वाट मोकळी होईल, असा सगळ्यांचा हिशेब. अशा वेळी कडेनं एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ येतात. पांढरा शर्ट आत खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी. मांजर जिथून गेलं तिथूनच ते रस्ता ओलांडतात. पलीकडे जाऊन परत अलीकडे येतात. मग मध्यात उभं राहून पोलिसासारखा हात करतात आणि ओरडतात, "उभे का राहिलात? जे काय वाईट व्हायचंय ते आता माझ्या नावावर. निघा, थबके!"

माणसं निघतात. त्यांच्यामुळे नाही, अपशकुनाची सोय झाली म्हणून. हे सरांनाही कळतं आणि त्यामुळे ते आणखी चिडतात.

'थबके' हा शब्द त्यांचाच. त्याची कहाणी सांगायची तर माझी फजिती सांगावी लागेल.

मी बारावीनंतर शेवगावला आलो तेव्हा सरांच्या घरामागची खोली मला मिळाली. सर सकाळी ओट्यावर आमच्यासारख्या पोरांना इंग्रजी शिकवायचे. आमच्यासारख्या म्हणजे, ज्यांचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि ज्यांचं इंग्रजी शाळेच्या पाट्यांपलीकडे गेलेलं नाही अशा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, सुपरस्टिशन म्हणजे काय? मला ऐकू आलं ते 'सुपर स्टेशन'. मी उभा राहिलो आणि प्रामाणिकपणे म्हणालो, "सर, मोठा एस्टी स्टँड."

पोरं हसून हसून ओट्यावरून खाली पडायच्या बेतात आली. सर मात्र हसले नाहीत. ते खुर्चीतून उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"अरे, चुकून तू मुळापर्यंत गेलास," ते म्हणाले.

मग तासभर त्यांनी दुसरं काही शिकवलंच नाही. लॅटिनमध्ये सुपर म्हणजे वर आणि स्टारे म्हणजे उभं राहणं. स्टेशन म्हणजे उभं राहायची जागा. स्टँड म्हणजे तेच. आपल्या संस्कृतातला स्था हा धातू त्याच घरचा. स्थान, स्थानक, तिष्ठणं, सगळी एकाच आजीची नातवंडं. आणि सुपरस्टिशन म्हणजे एखाद्या गोष्टीपुढं भीतीनं उभं राहणं. शिंक आली, उभा. मांजर गेलं, उभा. पाल चुकचुकली, उभा. "भिणारा माणूस पळत नाही, गोरक्ष," ते मला म्हणाले, "तो थबकतो. हजारो वर्षं आपण सुपरच्या स्टँडवर थांबलेलो आहोत आणि गाडी निघून गेली आहे."

त्या दिवसापासून पोरं मला 'सुपर स्टँड' म्हणायला लागली. मी सरांचा झालो तो तेव्हापासून.

'अंधश्रद्धा' हा मराठी शब्द तर त्यांना मुळीच खपायचा नाही. कुणी भाषणात तो वापरला की ते खालून हात वर करायचे. आंधळ्या माणसाला का बदनाम करता, असं ते विचारायचे. आंधळा कधी न तपासता पाऊल टाकतो का? तो काठीनं चाचपतो, कान देतो, विचारतो, मग पुढं जातो. सगळ्या गावात खरा शास्त्रज्ञ तोच. डोळे असून खड्ड्यात जातो तो डोळस. म्हणून त्यांनी नवा शब्द केला होता, थबकश्रद्धा. तो रूढ व्हावा म्हणून त्यांनी वर्तमानपत्राला किती वेळा लिहिलं कोण जाणे. एकदा छापून आलं तेसुद्धा 'धबकश्रद्धा' असं. त्यावर सर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

ते युद्ध घरातही चालू असायचं, पण घरात त्यांचा जोर कमी पडायचा, कारण घरात सुमनकाकू होत्या. काकू कधी वाद घालत नसत. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू सर उचलून आणायचे, फळ ताजं आहे, वाया का घालवायचं, म्हणून. काकू ते स्वयंपाकघरात येऊ द्यायच्या नाहीत. मग सर ओट्यावर बसून वेगळ्या पेल्यात सरबत करायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून प्यायचे. साखर मात्र काकूंकडे मागावी लागायची. काकू ती द्यायच्या, वाटी ओट्यावर ठेवून, हाताला हात न लावता.

आणखी एक. आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. सरांचा याला सक्त विरोध. जाणारा जातोच आहे, तर तसं म्हणायला काय होतं, भाषेला खोटं का बोलायला लावता, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तास संपला की आम्ही ओळीनं "जातो सर" म्हणायचो आणि तेवढ्यात आतून काकूंचा आवाज यायचा, "येतो म्हणा रे बाळांनो." आमची पंचाईत व्हायची. गुरू मोठा की ज्यांच्या हातचं थालीपीठ खातो त्या मोठ्या? शेवटी एका शहाण्या पोरानं तोड काढली. आम्ही "निघतो" म्हणायला लागलो. दोघांचंही समाधान झालं नाही, म्हणजे तोड बरोबर असावी.

हे सगळं गमतीचं वाटतं, आणि गावाला ते गमतीचंच वाटायचं. मला मात्र गावाचा राग यायला लागला तो एका शनिवारी.

सर केस कापायला शनिवारीच जायचे, आणि अमावास्या शनिवारी आली तर न चुकता. बापूचं सलून त्या दिवशी रिकामं असतं. मीही सरांचा चेला म्हणून शनिवारीच जायला लागलो होतो. बापू माणूस वाईट नाही. गाणं लावून देतो, डोक्याला तेल चोळून देतो. त्या दिवशी माझी डावी बाजू कापून झाली होती आणि तो सरांविषयी बोलत होता. गडी हुशार आहे, पण हुशारीचा माज आहे, असं काहीबाही. मी ऐकून घेत होतो. मग तो कात्री थांबवून आरशातल्या मला म्हणाला, "गिऱ्हान काय कुनाला सोडतंय व्हय? पैलं पोरगं कशानं गेलं त्येंचं, इचार की येकदा. बायकूला भर गिऱ्हनात वांगी चिरायला बसवली हुती मानसानं."

मी उठलो. गळ्यातलं कापड काढून खुर्चीवर टाकलं आणि बाहेर पडलो. रागाच्या भरात आपले निम्मेच केस कापलेले आहेत हे मला स्टँडपर्यंत लक्षात आलं नाही. तिथं दोन शाळकरी पोरी माझ्याकडे बघून ओढणीत तोंड लपवून हसल्या तेव्हा आलं. परत जाणं शक्य नव्हतं. अपमान सहन होतो, पण अपमान सहन करून उरलेले केस कापून घेणं हे काही जमण्यासारखं नव्हतं.

घरी सर नव्हते. काकूंनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलं. मला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं. काकू आत जाऊन शिवणाची कात्री घेऊन आल्या, मला अंगणात पाटावर बसवलं आणि उजवी बाजू कापत कापत, माझ्या पाठीमागे उभ्या राहून, त्यांनी ते सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. बहुतेक म्हणूनच सांगितलं असावं.

सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले. काकूंना पहिल्यांदाच दिवस गेलेले. सूर्यग्रहण आलं. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, बाहेर येऊ नये, नाहीतर बाळात दोष राहतो, असं मानतात. सरांनी ठरवलं की गावाला एकदाच काय ते दाखवून द्यायचं. काकूंना अंगणात विळी घेऊन बसवलं आणि ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत वांगी चिरायला लावली. आळीतल्या बाया दारातून बघत होत्या. काकूंनाही तेव्हा मजाच वाटली होती. रात्री भरपूर भाजी उरली.

मुलगा झाला. त्याच्या हृदयाला छिद्र होतं. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे असं काही मुलांत असतं, ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. पण त्या काळी इथं त्यावर इलाज नव्हता. मुलगा पावसाळ्यापर्यंत राहिला. मग गेला.

"गाव बोललं," काकू म्हणाल्या. "मी कधीच नाही बोलले. एका शब्दानं नाही." कात्री थांबली. "बोलले असते तर बरं झालं असतं बहुतेक. त्यांना वाद तरी घालता आला असता."

मग त्यांनी माझ्या मानेवरचे केस पदरानं झटकले आणि सगळं सारखं झालंय का ते पुढून येऊन बघितलं. सारखं झालं नव्हतं. पण मी झालंय म्हणालो.

मला आजही कळत नाही, त्या दिवशी मला जास्त राग कशाचा आला. एका बाळाच्या छातीतलं छिद्र, आणि गाव ते इतकी वर्षं एका विळीला चिकटवून हिंडतंय. सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत. ज्यांना हृदयाला कप्पे किती असतात ते माहीत नाही त्यांना ते छिद्र कुणी पाडलं ते नक्की माहीत आहे. आणि ज्यांनी सगळ्या जन्मात एक मांजर स्वतः होऊन ओलांडलं नाही, ते सरांना माजोरी म्हणणार.

गेल्या वर्षी सरांची मुलगी चारूताई बाळंतपणाला माहेरी आली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस राहिले होते. ती पुण्यात नोकरी करते आणि बोलायला सरांची मुलगी शोभते. आली त्याच दिवशी तिनं माझ्या केसांची चौकशी केली, म्हणजे ती गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. तिच्या पाठोपाठ बातमी आली, की दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळचं सूर्यग्रहण आहे.

मग काय विचारता. पुण्याहून चारूताईच्या सासूबाईंचा रोज फोन. वेध कधी लागतात, कुठल्या खोलीत बसायचं, पोटाला गेरू लावायचा, हातात सुई धरायची नाही. सर तो फोन स्वतः घ्यायचे आणि अतिशय शुद्ध मराठीत त्यांना सांगायचे की चंद्राची सावली पृथ्वीवर पडते, तुमच्या सुनेवर वेगळी पडत नाही. आळीतल्या बाया काही ना काही मागायला येऊन जायच्या. कुणी विरजण, कुणी चाळणी. खरं तर त्यांना एवढंच बघायचं होतं, की म्हातारा याही वेळी विळी मांडतो का.

त्याच सुमारास माझी आई बाजाराच्या दिवशी मला भेटायला आली. पंधरा दिवसांत ती आणि वडील राहुरीकडे ऊसतोडीला निघणार होते. काकूंनी तिला चहा दिला. चारूताईकडे बघून आई सहज बोलून गेली, "माझ्या टायमाला गिऱ्हान आल्तं. मी फडातच हुते. मुकादम काय सोडतो व्हय? दिसभर कोयता चालवला. त्यो ह्यो बघा, धड हाय."

'त्यो ह्यो' म्हणजे मी. हे मला पहिल्यांदाच कळत होतं. सर पेपर वाचत होते. त्यांनी तो बाजूला ठेवला. आता सर ओट्यावर जाऊन गावाला ओरडून सांगणार, हा घ्या पुरावा, कोयत्यानं कापला अख्खा फड, असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. त्यांनी आईला विचारलं, पूर्ण ग्रहणभर? आई म्हणाली, व्हय. मग काहीच झालं नाही का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, काय व्हायचंय. त्यांनी तेच पुन्हा विचारलं, अगदी हळू, एखाद्या पोराला कठीण प्रश्नाचं उत्तर बरोबर आल्यावर आपण 'नक्की ना' विचारतो तसं. आई माझ्याकडे बघायला लागली.

ग्रहण शाळेच्या ग्राउंडवरून दाखवायचं असं सरांनी ठरवलं होतं. खास चष्मे मागवले होते. वेधात खायचं नाही म्हणतात, म्हणून काकूंकडून घमेलंभर चिवडा करून घेतला होता. त्या दुपारी चारूताई स्वयंपाकघरात येऊन हसत म्हणाली, "बाबा, वांगी चिरू का?"

सर म्हणाले, "विळीला धार नाहीये." आणि विळी उचलून माळ्यावर ठेवून आले. आदल्याच आठवड्यात धारवाला येऊन गेला होता. मी स्वतः विळी त्याच्याकडे दिली होती. सर मला म्हणाले, तू चष्मे आणि चिवडा घेऊन पुढं हो, मी आलोच.

ग्राउंडवर कॉलेजची पोरं होती, शाळेतली होती, बापूसुद्धा सलून बंद करून आला होता. सूर्य खाली उतरला होता आणि त्याच्या कडेला एक चावा दिसायला लागला होता. सरांचा पत्ता नव्हता. पोरं विचारायला लागली. बापू म्हणाला, "सर कुटं दडले? का लेकीला बसवलं वांगी चिरायला?" आजूबाजूचे हसले. मी चष्मे एका मित्राकडे दिले आणि सायकल काढली.

आळीत चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद. सरांचं दार उघडं होतं. आत काकू स्वयंपाकघरात हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. चारूताई तिच्या खोलीत पलंगावर टेकून मोबाईल बघत चिवडा खात होती. खोलीची पश्चिमेची खिडकी बंद होती आणि तिच्या फटीत सरांची शाल कोंबलेली होती. आणि खोलीच्या उंबऱ्यावर, एक हात चौकटीला लावून, सर उभे होते.

मी म्हणालो, सगळे तुमची वाट बघताहेत. ते म्हणाले, बघू दे, तू दाखव त्यांना. मी त्या शालीकडे बघितलं. मला काय झालं कोण जाणे. ज्यांच्यासाठी मी निम्म्या केसांनी गावातून हिंडलो, ज्यांच्यासाठी सगळ्यांशी भांडलो, ते सर फटीत शाल कोंबून दारात उभे. मला गुरूशी कसं बोलावं ते कळतं. पण तेव्हा मी बोललोच.

"सर, उभे का राहिलात?"

चारूताईनं मोबाईल खाली ठेवला. मी दुपारपासून हेच सांगतेय, असं ती म्हणाली, पण तिचा आवाज चेष्टेचा नव्हता. सर तिच्याकडे बघत राहिले आणि माझ्याशी बोलले, ओट्यावर शिकवतात त्याच आवाजात.

"त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. मी तो वर्गात सांगत नाही. सुपरस्टेस म्हणजे मागे उरलेला, वाचलेला. जुन्या रोममध्ये काही आईबाप दिवस दिवस देवापुढं बसायचे म्हणे. मागणं एकच. आमची मुलं आमच्या मागं उरू देत. लोक त्यांना हसायचे. त्या हसण्यातून हा शब्द आला, असं एक मत आहे. विद्वानांना ते फारसं पटत नाही."

मग तुम्ही ते का सांगत नाही, असं मी विचारलं. माझा राग अजून गेला नव्हता.

"सांगितलं की मग कुणावर रागावता येत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "सावलीनं काही होत नाही, गोरक्ष. मला माहीत आहे. मला तेव्हाही माहीत होतं."

मग सरांनी चौकटीवरचा हात काढला, घड्याळ बघितलं आणि नेहमीसारखे खेकसले, की सूर्य कुणासाठी तिष्ठत नाही, पळ, आणि चष्म्याशिवाय कुणालाही वर बघू देऊ नकोस.

मी परत गेलो. सूर्य मावळेपर्यंत सगळ्यांना ग्रहण दाखवलं. बापूनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि चिवडाही खाल्ला, आधी इकडेतिकडे बघून. सर कुठे आहेत म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. घरी काम निघालं, म्हणालो. राग माझ्या अंगात तसाच होता, फक्त तो आता सरांवर राहिला नव्हता. सावलीला न भिणाऱ्या माणसाला सगळ्या गावानं मिळून इतकी वर्षं बोलून बोलून एका दारात नेऊन उभं केलं, आणि आता तेच गाव मैदानात उभं राहून तो कुठे आहे ते विचारत होतं.

घरी आलो तेव्हा सर डोक्यावरून अंघोळ करून केस पुसत होते. ग्रहण सुटलं की लोक अंघोळ करतात. दिवाळीचे दिवस, चांगलीच थंडी पडलेली. मी त्यांच्याकडे बघितलं.

"उकडत होतं," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्यापुढं गरम चहा ठेवला आणि साखर पुरे आहे का ते न विचारताच आत गेल्या. त्या हसत होत्या असं मला वाटलं, पण खात्रीनं सांगत नाही.

पुढे आईवडील राहुरीला गेले आणि कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उभारायला मदत लागते म्हणून मीही थोड्या दिवसांसाठी त्यांच्याबरोबर गेलो. निघायच्या आदल्या दिवशी चारूताईला नगरला डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. तपासणीत बाळाचं सगळं ठीक दिसतंय, तरी जन्मल्यावर हृदय पुन्हा एकदा नीट बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. सरांच्या पहिल्या मुलाचं कळल्यावर कुणीही डॉक्टर असंच म्हणेल. पण सर त्या 'तरी'वर अडून बसले होते. ठीक आहे, तर 'तरी' कशाला? 'तरी' हे अव्यय माणूस शंका असेल तेव्हाच वापरतो. ते मला 'तरी'चे चार वेगवेगळे उपयोग समजावून सांगत राहिले आणि मी ऐकत राहिलो, कारण ते थांबले असते तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. कळवतो, म्हणाले. फोन चालू ठेव.

फडावर फोन चालू ठेवणं आपल्या हातात नसतं. कोप्यांवर वीज नाही. दूरच्या एका दुकानात मोबाईल चार्जिंगला लावावा लागतो, आणि रेंज लागली तर पाटाच्या भिंतीवर उभं राहिल्यावर. मी दिवसभर वडिलांबरोबर मोळ्या बांधायचो, आणि उसाचे शेंडे, म्हणजे वाढं, डोक्यावर घेऊन येताना त्या भिंतीवर चढून बघायचो. काही नाही. नंतर फोन बंदच पडला. चारूताईची तारीख होऊन गेली. मला उसाचं पानही हातात टोचेनासं झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी मागावं, कुणापाशी तरी, आणि ते मला येत नव्हतं.

मग एक दिवस फोन चार्ज करून आणून आईकडे दिला, भाकरी आणताना पाटाच्या भिंतीवर जरा थांब म्हणालो आणि मी फडावर गेलो. दुपारी आई भाकरी घेऊन आली. तिनं डोक्यावरची दुरडी उतरवली, पदरानं घाम पुसला, पाणी प्याली. माझ्यानं राहवेना, पण विचारायचीही भीती वाटत होती. आईनं कांदा फोडला, माझ्या हातावर भाकरी ठेवली आणि मग म्हणाली,

"तुज्या सरांचा फोन हुता. नात झाली. मी म्हनलं, बरं झालं, लक्ष्मी आली. तर लई येळ बोलंनातच. मला वाटलं, रेंज गेली. हॅलो हॅलो केलं. मंग म्हनले, ताई, काळीज चांगलं आहे तिचं. डॉक्टरांनी दोनदा बघितलं. गोरक्षला सांगा."